भरीचे ठोके

मुळीकांच्या घरात नातवंड यायच्या आधी त्याचा आवाज राहायला आला. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेल्या फोनमधून तो यायचा, सकाळ-संध्याकाळ, एका लयीत, न दमता. शुभांगी घरी साड्यांना पिको-फॉल करून द्यायची. तिला तो आवाज आपल्या मशीनसारखाच वाटे. त्या तालावर ती चपात्या लाटायची.

तिचा नवरा विलास पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचा. बोलण्याची त्याला मुळात हौस नव्हती. पण एकदा तोसुद्धा ताटावरून म्हणाला, "इतकी वर्षं तुझ्या चपात्या म्हणजे नकाशे. नातवानं ताल धरला आणि गोल व्हायला लागल्या की."

"तुम्ही कधी ताल धरलात का? मग गोल कशा होणार?"

मुलगी ईश्वरी सातव्या महिन्यात माहेरी आली होती. विट्याकडे आता बिनड्रायव्हरच्या गाड्या धावायला लागल्या होत्या, बँकेत माणूस औषधाला सापडत नव्हता, तरी पहिलटकरणीनं बाळंतपणाला माहेरी यायचं ही रीत मोडायची कुणाची छाती झाली नव्हती. जावई ऋषिकेश जपानात, म्हाताऱ्यांच्या आश्रमात नोकरीला. तो कामावर जाताना बाळाचा ठोका कानात लावून जायचा. तिथल्या आजोबांना अंघोळ घालताना मागं तो आवाज चालू असला की हात आपोआप हलका पडतो, असं त्यानं सासूला फोनवर सांगितलं होतं.

ही सगळी किमया ईश्वरीच्या पोटावरच्या पट्टीची. दिसायला तळहाताएवढी, दुधावरच्या सायीसारखी पातळ. बेंबीच्या खाली चिकटवायची. माणसाला ऐकू न येणारे ध्वनी तिच्यातून पोटात जातात, बाळाच्या हलत्या हृदयावर आपटून परत फिरतात, आणि परतलेल्या ध्वनींवरून हृदय कसं चाललंय ते कळतं. म्हणजे सोनोग्राफीच, फक्त टेबलाएवढं यंत्र सायीएवढं झालेलं. आईची नाडी कुठली आणि बाळाची कुठली, हे निवडायचं काम पट्टीतली चिप करते. ठोका फार मंदावला किंवा फार वाढला की तालुक्याच्या केंद्रात इशारा वाजतो आणि घरासमोर गाडी येऊन उभी राहते. या पट्टीनं कितीतरी बाळं वाचवली होती, हे खोटं नव्हे.

पण पोटातलं बाळ काही फोटो काढून घ्यायला बसलेलं नसतं. ते कूस बदलतं, पाठ फिरवतं, आणि ठोका हरवतो. पट्टी निघाली त्या पहिल्या वर्षी असा आवाज तुटला की घरच्यांचं अवसान गळायचं. अख्खं खानदान गाडीत कोंबून दवाखान्यात हजर. बाळ ठणठणीत, डॉक्टर अर्धमेले, आणि खरोखर अडलेली बाई रांगेत मागं. मग कंपनीनं तोडगा काढला. ठोका हरवला की मागच्या ठोक्यांवरून पुढचे कसे असतील याचा अंदाज बांधायचा आणि घरच्यांच्या फोनवर तो अंदाजच वाजवायचा. केंद्राच्या पडद्यावर ही भर तुटक रेषेत दिसायची, घरच्यांना मात्र सलग आवाज. लोकांचा जीव भांड्यात पडला, दवाखान्यांतली गर्दी ओसरली. हे सगळं माहितीपत्रकात छापलेलं होतं. माहितीपत्रक कोण वाचतंय? शुभांगीनं त्यावर लसूण सोलला होता.

आणि तेलाचं काय? माहेरी आलेल्या गरवार लेकीला तेल लावायचं नाही तर आई म्हणवून कशाला घ्यायचं? शुभांगी रोज सकाळी खोबरेल कोमट करायची. कंबर, पिंढऱ्या, तळपाय आणि शेवटी पोटावर हलका हात. पट्टी बसवणाऱ्या नर्सनं बजावलं होतं की पट्टीजवळ तेल नको. शुभांगी जवळ लावायचीच नाही, कडेकडेनं लावायची. तेल मात्र तिचं ऐकत नव्हतं. दिवसाआड फोनवर निरोप यायचा: पट्टी सैल झाली असावी, नीट बसवून 'बसवली' असे कळवा. शुभांगी पदरानं तेल टिपायची, पट्टी दाबायची आणि 'बसवली'वर बोट ठेवायची. पुढं पुढं टिपणं आणि दाबणं राहून गेलं, बोट ठेवणं तेवढं उरलं. त्यानं काही बिघडलंही नव्हतं.

डोहाळजेवण रविवारी होतं. सकाळी आतल्या खोलीत शुभांगी लेकीला हिरवी साडी नेसवत होती. निऱ्या खोचताना ईश्वरीनं तिचा हात धरला.

"आई, कालपासून हा नीट हालत नाही गं."

"हा कशावरून? ही असंल."

"थट्टा नको ना. रोज चहा प्यायले की लाथा मारतो. काल संध्याकाळी एकदा हलला. आज पहाटे बारीकसं काहीतरी झालं, बस. आता चहा पिऊन किती वेळ झाला."

शुभांगीनं फोन उचलून तिच्या कानाशी धरला. ठोका खणखणीत वाजत होता. "ऐक. हे काय? झोपला असंल."

"ठोका आहे गं. पण हालत नाहीये. दोन्ही वेगळं आहे."

"मोठं व्हायला लागलं की जागा कमी पडती. हालंल कुठं?"

"दवाखान्यात जाऊन येऊ या का? लगेच येऊ परत."

बाहेर मांडववाले खुर्च्या लावत होते. आचाऱ्यानं जिलेबीची कढई चढवली होती. विहीणबाई सासरची ओटी घेऊन तासाभरात पोचणार होत्या, आणि विहीणबाईंचं तोंड म्हणजे तिखटाचा डबा. दारात पाहुणे आणि जिचं कौतुक ती दवाखान्यात, हे त्यांनी जन्मभर ऐकवलं असतं. शुभांगीच्या डोळ्यांपुढून हे सगळं गेलं. लेकीची काळजी तिला नव्हती असं कुणी म्हणू नये. पण कानाशी ठोका वाजत होता, आणि वाजणाऱ्या ठोक्यापुढं पोरीचा शब्द तिला हलका वाटला.

"पंगती उठल्या की जाऊ. मी स्वतः नेते तुला. गोड खाल्लंस की बघ कसा उड्या मारतोय."

ईश्वरीनं पदर सारखा केला. कुठलीही गोष्ट दोनदा सांगायची, तिसऱ्यांदा नाही, हा तिचा लहानपणापासूनचा स्वभाव होता.

कार्यक्रम दृष्ट लागावा असा झाला. ईश्वरीला फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसवलं, बायकांनी गाणी म्हटली, ओटी भरली. वाट्या झाकून ठेवल्या होत्या, त्यातली एक तिनं उचलली तर पेढा निघाला. बायकांनी गलका केला. मग कुणीतरी म्हणालं, ठोका ऐकवा की सगळ्यांना. विलासनं आपला फोन स्पीकरला जोडला. मांडवभर तो आवाज घुमला आणि बायका चिडीचूप झाल्या. जपानातून फोनवर बघणारा ऋषिकेश हसत होता आणि डोळेही पुसत होता. विहीणबाई, म्हणजे मंगलबाई, पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आमच्या येळंला पोटाव हात ठिवून अंदाज बांधायचा. ह्यो तर आत्ताच बोलाय लागलाय."

ईश्वरीचा एक हात फुलांच्या कमरपट्ट्याखाली होता. ती पोट एका बाजूनं हळूच दाबत होती, मग दुसऱ्या बाजूनं. बघणाऱ्यांना वाटलं, लेकराला कुरवाळतीय.

पहिली पंगत बसली. शुभांगी एका हातात जिलेबीचं ताट घेऊन आग्रह करत फिरत होती. तेवढ्यात तिच्या फोनवर पट्टी सैल झाल्याचा तो नेहमीचा निरोप आला. सकाळीच तर तेल लावलं होतं. तिनं ताट सावरत दुसऱ्या हातानं 'बसवली'वर बोट ठेवलं आणि पुढच्या पानावर वाकली.

दवाखान्यात पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. डॉक्टर मुजावर बाईंनी ईश्वरीला टेबलावर झोपवलं, पोटावरची पट्टी सोलून स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवली आणि जुन्या मशीनचा दांडा पोटावर टेकवला. पडदा भिंतीकडं वळवलेला होता. दांडा एका जागी थांबला, सरकला, पुन्हा थांबला. खोलीत शुभांगीच्या पर्समधून येणारा ठोका तेवढा ऐकू येत होता.

"हा कसला आवाज?" डॉक्टरांनी विचारलं.

"बाळाचा," शुभांगी म्हणाली. "ठोका."

डॉक्टरांनी ट्रेमधल्या पट्टीकडं पाहिलं. शुभांगीनंही पाहिलं. पट्टी ट्रेमध्ये पालथी पडली होती, आणि पर्समध्ये ठोका चालूच होता. एका लयीत, न दमता.

"हे भरीचे ठोके आहेत," डॉक्टर फार हळू म्हणाल्या. "अंदाजाचे. ते बंद करा आधी." मग त्यांनी ईश्वरीचा हात हातात घेतला. काय सांगायचं ते त्यांनी सांगितलं. ईश्वरी छताकडं बघत राहिली.

शुभांगी फोन घेऊन बाहेर आली. आवाज बंद कसा करायचा हे तिला ठाऊकच नव्हतं, आजवर वेळच आली नव्हती. ती काय दाबतेय ते तिचं तिलाच कळेना. तेवढ्यात ऋषिकेशचा फोन आला.

"मामी, दवाखान्यात गेलाय ना? काही टेन्शन घेऊ नका. मी ऐकतोय आत्ता. मस्त चाललंय."

"ऋषिकेशराव," ती म्हणाली, "काढा ते कानातनं."

"काय?"

"काढा म्हणते. तो नाही राहिला."

"असं कसं, मामी? वाजतोय की. माझ्या कानात वाजतोय तो."

तिकडं जावई पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता. शेवटी बाहेर थांबलेल्या विलासनं तिच्या हातातून फोन घेतला.

दुसऱ्या दिवशी ईश्वरी बाळंत झाली. मुलगा होता. विलासनं त्याला दोन्ही हातांत घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा शुभांगीनं आपल्या नवऱ्याला हमसून रडताना पाहिलं. ईश्वरी रडली नाही. बाळाचं कपाळ तिनं बोटानं हलकेच पुसलं आणि कपडा नीट केला, एवढंच.

घरी सोडायच्या दिवशी शुभांगीनं डॉक्टरांना जिन्यात गाठलं. मनातला प्रश्न तिला झोपू देत नव्हता.

"सकाळी ती म्हणत होती, हालत नाही म्हणून. तेव्हा आलो असतो तर?"

डॉक्टरांनी आढेवेढे घेतले नाहीत. वारेतून बाळाला पुरेसं रक्त पोचत नव्हतं. असं झालं की बाळ आधी हालणं कमी करतं, आहे तेवढी ताकद हृदयासाठी राखून ठेवतं. त्यामुळं ठोका बराच वेळ बरोबर वाजत राहतो. पट्टीला ठोका कळतो. हालणं फक्त आईला कळतं. "दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंतचे ठोके खरे होते," त्या म्हणाल्या. "मग तुटले. एरवी केंद्रानं थोडी वाट बघून गाडी पाठवली असती. पण तुमच्याकडनं 'बसवली' आलं, म्हणून पट्टीच सैल होती असं धरलं गेलं. सकाळी आला असतात तर ऑपरेशन केलं असतं. वाचलं असतंच असं मी म्हणणार नाही. पण आमच्या हातात काहीतरी असतं."

शुभांगीनं हे घरी विलासला सांगितलं, विलासनं जावयाला. दोघांचं एकच मत पडलं: ईश्वरीला कळू द्यायचं नाही. तिनं धरून ठेवलं होतं की बाळ आदल्या रात्रीच गेलं आणि रविवारी दिवसभर वाजला तो नुसता अंदाज. मग तसंच राहू दे. सांगून पोरगं परत येणार आहे का? शुभांगीनं मान हलवली. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं वाटलं. खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती, गप्प बसलं की भागत होतं. आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणून तिला स्वतःची किळस आली.

दिवस तसेच गेले. ईश्वरी वेळेवर जेवायची, गोळ्या घ्यायची. दूध उतरलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं तशी छाती घट्ट बांधून घेतली. रडली मात्र नाही. मंगलबाई दोनदा येऊन गेल्या. तिखटाचा डबा कुठं गेला कुणास ठाऊक, त्या सुनेच्या उशाशी नुसत्या बसून राहायच्या आणि जाताना शुभांगीला म्हणायच्या, "रडाय पायजे ओ तिनं, इहीणबाई. आत साठतंय ते."

एका दुपारी शुभांगी लेकीची वेणी घालत होती. ईश्वरी आपणहून बोलायला लागली.

"आई, मला वाटायचं मला त्याचं सगळं कळतं. कधी झोपतो, कधी जागा होतो. रविवारी पहाटे तो हलला असं मी तुला म्हटलं ना? तेव्हा तो नव्हताच. मनाचे खेळ सगळे. नसलेल्या बाळाशी मी बोलत बसले होते. वेडीच मी."

"असं बोलू नये, ईशू."

"खरं तेच बोलतेय. पुढच्या वेळी मी माझं काही म्हणजे काही ऐकणार नाही. आता हालचालसुद्धा मोजणारी पट्टी येणार आहे, ऋषी म्हणत होता. ती सांगेल तेच खरं. मला काय कळतंय?"

शुभांगीचा फणीचा हात थांबला. पुढची वेळ तिला लख्ख दिसली. पोटात काहीतरी चुकतंय, पोरीला ते कळतंय, आणि ती तोंड मिटून फोनचा आवाज ऐकत बसलीय, कारण आपलं कळणं खोटं असतं हे तिनं एकदा शिकून ठेवलंय. आणि हे शिकवलं कुणी? सख्ख्या आईनं, गप्प बसून.

सांगितलं तर काय होईल, हेही तिला दिसत होतं. ती मागच्या बाजूला बसली होती, लेकीचं तोंड दिसत नव्हतं. नाहीतर तिला जमलं नसतं.

"ईशू, तू सांगितलंस तेव्हा तो होता."

ईश्वरी हलली नाही.

"डॉक्टर बोलल्या मला. सकाळचे ठोके खरे होते. पहाटे तुला कळलं ते पण खरंच होतं. तो दमला होता म्हणून हालत नव्हता. तुला बरोबर कळत होतं. मी ऐकलं नाही."

"कधीपर्यंत होता?"

"पहिली पंगत बसली तोवर."

"म्हणजे मी झोपाळ्यावर होते तेव्हा..."

"होता." शुभांगीला आता थांबता येईना. "नंतर पट्टीचा निरोप आला होता. मला वाटलं नेहमीसारखं तेलानं सैल झाली. मी न बघताच 'बसवली' कळवलं. नाहीतर गाडी आली असती."

"तुला हे कधीपासून माहीत आहे?"

"दवाखान्यातनं आलो त्या दिवसापासून."

"आणि आज सांगतेस."

"सांगणारच नव्हते. पण पुढच्या वेळी तू गप बसू नकोस. आई असू दे, सासू असू दे, मशीन असू दे. तुला वाटलं की निघायचं. कुणाची पंगत उपाशी उठली तरी चालंल."

ईश्वरीनं मागं हात करून आईच्या हातातली फणी घेतली. उरलेली वेणी स्वतःच घातली, ओबडधोबड, आणि रबर लावलं.

"मला कळलं होतं," ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. "मला कळलं होतं, आई. मी सांगितलं होतं तुला."

"हो."

"सासूबाईंना फोन कर. मला न्यायला या म्हणावं."

"अगं, सव्वा महिना तरी होऊ दे. ओल्या अंगानं कुठं..."

"फोन कर."

शुभांगीनं फोन केला. मंगलबाईंनी पलीकडून दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. "या तुम्ही," एवढंच शुभांगी म्हणू शकली. त्या दिवस मावळायच्या आत गाडी घेऊन आल्या. शुभांगीनं कपड्यांची बॅग भरली, औषधं कशी द्यायची ते सांगितलं, डिंकाचे लाडू डब्यात घातले. मंगलबाईंनी तिच्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि काही न विचारता डबा घेतला. ईश्वरी वडिलांच्या पाया पडली. आईपुढं ती जराशी थांबली, वाकली, आणि पायांना न शिवता सरळ होऊन निघाली.

गाडीचं दार अजून उघडं होतं. आत बसताच ईश्वरीनं सासूच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि इतक्या दिवसांत न फुटलेला तो हंबरडा फुटला. गल्लीतल्या बायका दारात आल्या. "तो होता ओ, आई, तेव्हा होता तो," ती सासूला सांगत होती, आणि मंगलबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "व्हय गं माझे बाय. व्हय. तुला कळलं व्हतं."

शुभांगीचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं आणि तिथंच थांबलं. गाडीचं दार लागलं. आवाज आतच राहिला.

गाडी वळणाआड गेल्यावर विलास म्हणाला, "रडली बाई एकदाची. बरं झालं."

शुभांगी हो म्हणाली.